सातशे ग्रॅमचा कॅमेरा

“हा समोरचा नको. आतला आणा,” बाबा म्हणाले.

चौगुल्यांनी काउंटरवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग आशेनं माझ्याकडे. “साहेब, आतला पण हाच आहे की. कंपनी तीच, मॉडेल तेच. हा दाखवायचा पीस, तो खोक्यातला. एवढाच फरक.”

“दाखवायचं माप नेहमीच बरोबर असतं. चौतीस वर्षं तेच बघितलंय मी. खोक्यातला आणा.”

चौगुले आत गेले. बाबांनी शबनम काउंटरवर ठेवली, तिच्यातून पितळी तराजू काढला, त्याचा स्टँड उभा केला आणि लाल मखमलीच्या पेटीतली वजनं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं मांडली. मग त्यांनी चष्मा पुसला. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले एक गृहस्थ कोपऱ्यातल्या स्टुलावर आरामात बसले होते, तेही उगाच ताठ झाले.

माझे वडील, अनंत हर्डीकर, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्याआधी दोन वर्षं ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल-श्रीफळाबरोबर हा तराजू दिला होता. दिवाणखान्यात शोभेला ठेवावा अशी त्यांची कल्पना असणार. बाबांनी तो दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात नेला आणि दुधाच्या पिशवीपासून सुरुवात केली. नोकरीत असताना ‘हर्डीकर आले’ एवढं कुणी म्हणालं की सांगलीच्या बाजारपेठेतली निम्मी दुकानं भर अकराला जेवायला बंद व्हायची. निवृत्तीनंतर तो सगळा जोर आमच्यावर आला. आईची आमटी सोडली तर घरातली एकही गोष्ट न मोजता सुटत नव्हती, आणि आमटी सुटली ती फक्त आईनं एकदा पळी उगारली म्हणून.

आणि आता पाळी माझी होती.

त्या वर्षी मी पंचवीस वर्षांची होते. बँकेची परीक्षा पास झाले होते, जूनमध्ये हजर व्हायचं पत्र आलं होतं. फेब्रुवारी ते जून हे चार महिने माझे होते, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी बँकेची होते, हे मला स्वच्छ दिसत होतं. या चार महिन्यांत मला एकटीनं पश्चिम किनारा पालथा घालायचा होता. गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत, जिथे जिथे खाडी ओलांडायला अजून होडी चालते तिथे तिथे जायचं, त्या होड्या, ते होडीवाले, त्यांची माणसं यांचे व्हिडिओ करायचे. कुणी बघेल की नाही ते माहीत नव्हतं. मला करायचं होतं. पैसे शिकवण्यांचे होते, माझे होते, त्यामुळे तो मुद्दा बाबांना काढता येत नव्हता.

बाबा नाही म्हणाले नाहीत. माझे वडील आयुष्यात कशालाच नाही म्हणाले नाहीत. ते निकष लावायचे.

“एकटी मुलगी. पाठीवर बॅग. वेळ आली तर बॅगेसकट पळता आलं पाहिजे,” ते म्हणाले. “किती वजन घेऊन पळतेस ते आधी बघू.”

मग आठवडाभर रोज सकाळी मी पाठीवर ज्वारीची पिशवी बांधून आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पळाले. बाबा फाटकात घड्याळ घेऊन उभे. पहिल्या दिवशी दहा किलो, मग नऊ, मग आठ. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “दळण एवढं घाईचं आहे का हो?” आई म्हणाली, “नाही हो. कुणीतरी मागे लागणार आहे तिच्या. कोण ते अजून ठरलं नाही.”

सात किलोला माझी वेळ बाबांना पटली. कपडे, औषधं, पाण्याची बाटली, टॉर्च, शिट्टी, सगळं तोलून झाल्यावर बेरीज सहा किलो तीनशे आली. उरले सातशे ग्रॅम. कॅमेरा, भिंग, बॅटरी, कार्ड, पट्टा, सगळं मिळून सातशेच्या आत. बाबांनी तसं कागदावर लिहिलं: फेब्रुवारीअखेर योग्य कॅमेरा मिळाल्यास जाण्यास हरकत नाही, न मिळाल्यास बेत रद्द समजावा. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून आईची. आईनं सही करताना विचारलं, “आणि हिच्या जिवाचं वजन कुठल्या रकान्यात धरलंय?” बाबांनी कागदाची घडी घातली.

त्या कागदावर सही करून मी फसले हे मला पुढच्या पंधरा दिवसांत कळत गेलं. फोन वापरून चालणार नव्हता, कारण संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यात होडी दिसायची नाही आणि होडीवाल्याचा आवाज तर नाहीच. मोठा कॅमेरा वजनात बसणार नव्हता. चौगुल्यांचं दुकान हे सांगलीतलं त्यातल्या त्यात शहाणं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, तुम्हाला हायब्रिड लागणार. फोटो पण एक नंबर आणि व्हिडिओ पण एक नंबर.”

“हायब्रिड ज्वारी खाल्लीय मी,” बाबा म्हणाले. “पोट भरतं. चव नसते.”

पहिला कॅमेरा नऊशे दहा भरला. तो तिथेच संपला. दुसरा इतका हलका की बाबांनी तो पुन्हा तोलून बघितला, पण त्याला बाहेरचा माइक लावायची सोय नव्हती. “न लावता काय होतं ते बघू,” म्हणून बाबा मला आयर्विन पुलावर घेऊन गेले आणि वाऱ्यात उभं करून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावला. घरी येऊन ऐकला तर नुसता वारा. मधेच एकदा ‘सरकारने’ एवढं ऐकू आलं, पुन्हा वारा. तिसऱ्या कॅमेऱ्याला माइक होता, वजनही बसत होतं. बाबांनी तो गच्चीवर उन्हात मांडला आणि चालू करून ठेवला. आईनं वाळत घातलेल्या कुरडयांचं एकोणीस मिनिटं चित्रण झालं, आणि विसाव्या मिनिटाला कॅमेरा तापून बंद पडला.

“किनाऱ्यावर ऊन याहून जास्त असतं,” बाबा म्हणाले, आणि मला राग यायचा तो यामुळेच की त्यांचं म्हणणं प्रत्येक वेळी बरोबर असायचं.

चौगुल्यांनी हे कॅमेरे आम्हाला चाचणीसाठी घरी नेऊ दिले होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी खोकंसुद्धा उघडू दिलं नसतं. त्याला कारण होतं, जुना धाक. त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं, गणपती पेठेत किराणा दुकान होतं, आणि बाबांनी तिथे एकदा खटला भरला होता. ती गोष्ट मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते, फक्त ते दुकान याच चौगुल्यांचं हे मला त्या पंधरा दिवसांत कळलं. आप्पा शेंगदाणे तोलताना पारड्याला हळूच बोट लावत. बाबांनी समोर उभं राहून पकडलं. आप्पा हात जोडून म्हणाले, “साहेब, बोट लागलं असेल, लावलं नाही.” त्यावर बाबांनी जे उत्तर दिलं ते आमच्या घरात देवाच्या आरतीइतकं पाठ होतं: “चौगुले, बोट आपोआप लागत नाही.”

तर असा तो अठ्ठावीस फेब्रुवारीचा दिवस होता. कागदाप्रमाणे शेवटचा. चौथा कॅमेरा काउंटरवर, आणि त्याच्यात सगळं होतं. माइकची सोय होती. उलटा वळणारा पडदा होता, म्हणजे स्वतःचं चित्रण करताना स्वतःला बघता यायचं. चालता चालता हात हलला तरी चित्र हलत नव्हतं. आदल्या दिवशी दाखवायच्या पीसनं गच्चीवर कुरडयांचं दीड तास चित्रण केलं, तरी तो गार होता. “आता कुरडया कॅमेऱ्याला घाबरत नाहीत,” आई म्हणाली होती. राहिलं होतं फक्त खोक्यातल्याचं वजन, आणि चौगुल्यांच्या हिशेबानं ते सहाशे नव्वदच्या आतच होतं.

चौगुले खोकं घेऊन बाहेर आले. “साहेब, यावर छापलंय बघा. भिंगाचं वेगळं छापलंय. बेरीज करा.”

“छापलेलं मी वाचत नाही. तोलतो,” बाबा म्हणाले, आणि खोक्याचं सील स्वतः फोडलं.

चौगुल्यांनी बॅटरी घातली, कार्ड घातलं, पट्टा लावला, भिंग चढवलं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी काउंटरवरचा दाखवायचा पीस उचलला.

“घ्या ताई, साहेबांचंच शूटिंग घ्या,” चौगुले कुजबुजले. “चेहरा पकडतो बघा कसा. सुटत नाही.”

मी कॅमेरा चालू केला आणि बाबांवर धरला. खरंच, त्यानं त्यांचा चेहरा असा पकडला की चष्म्याच्या कडेवरचा ओरखडाही दिसत होता. किती वर्षांनी मी त्यांच्याकडे इतकं जवळून बघत होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला माहीत नव्हतं.

बाबांनी एका पारड्यात पाचशेचं आणि दोनशेचं वजन ठेवलं. दुसऱ्यात कॅमेरा ठेवला. दांडी हलली, थरथरली. कॅमेऱ्याचं पारडं हळूहळू खाली गेलं आणि खालीच राहिलं.

“सातशेच्या वर आहे,” बाबा म्हणाले. “नापास.”

चौगुले म्हणाले, “असं कसं होईल साहेब?”

“झालं आहे. समोर आहे.” बाबांनी लगेच कॅमेरा उचलून त्यांच्या हातात दिला आणि वजनं पेटीत ठेवायला लागले. “केतकी, सही केली आहेस तू.”

मला रडू आलं नाही. मला ओरडायचं होतं, पण पासपोर्टवाले गृहस्थ बघत होते. आठवडाभर पळाले, अग्रलेख वाचले, कुरडयांसमोर बसले, आणि एवढं करून काही ग्रॅमसाठी माझ्या सगळ्या होड्या बुडाल्या. पट्टा काढून टाका म्हणावं तर कागदावर पट्टा लिहिलेला होता. मी तोंड भिंतीकडे केलं आणि डोळे लपवायला हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं. नुसतं काहीतरी बघायचं म्हणून आत्ताचंच चित्रण लावलं.

बाबांचा चेहरा. चष्मा. पाचशेचं वजन, दोनशेचं वजन. मग कॅमेरा ठेवणारा हात. हात मागे गेला, पण सगळा गेला नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पारड्याच्या काठावर एक करंगळी राहिली होती. त्या करंगळीला चिकटपट्टी होती. सकाळी काकडी चिरताना बाबांचं बोट कापलं होतं आणि ती पट्टी मीच लावली होती.

मी चित्रण मागे नेलं. पुन्हा बघितलं. करंगळी काठावर टेकली, पारडं खाली गेलं. मग मला आठवलं, बाबा ‘सातशेच्या वर’ म्हणाले होते. माझे वडील कधीच ‘वर’ म्हणत नाहीत. ते सातशे बारा म्हणतात, सातशे तेरा म्हणतात. चौतीस वर्षांत त्यांनी आकडा न सांगता कुणाला नापास केलं नव्हतं.

माझ्या खांद्यावरून चौगुलेही बघत होते. किराणा दुकानात वाढलेला माणूस. त्यांना दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. ते एकदम दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, “मी... चहा सांगतो.” दारात त्यांनी टेलिफोनशेजारच्या हार घातलेल्या फोटोकडे नजर टाकली. “आप्पा पाहिजे होते आज,” ते स्वतःशीच पुटपुटले आणि बाहेर गेले.

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला, पडदा बाबांकडे वळवला आणि बटण दाबलं.

बाबांनी बघितलं. पेटीचं झाकण अर्धं लावलेला हात तसाच राहिला. चित्रण संपलं तेव्हा ते म्हणाले, “परत लाव.” मी लावलं. “परत.” तपासणीत तीन वेळा तोलायचं असा त्यांचा नियमच होता. तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“बोट लागलं अस—” ते म्हणाले, आणि थांबले.

देवाशपथ सांगते, त्या वाक्याचं उत्तर मला झोपेतसुद्धा पाठ होतं, आणि ते जिभेवर आलेलं मी गिळलं. पण त्यांनी ते ऐकलं. कान लाल झाले त्यांचे. आपल्या वडिलांचे कान लाल झालेले बघणं फार वाईट असतं. मला वाटलं होतं की मजा येईल, जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही वाटलं नाही.

“चौतीस वर्षं,” ते चिकटपट्टीकडे बघत म्हणाले, “एकदा नाही. एकदा कुणाच्या गुळाच्या ढेपेला नाही.”

“मग नाही म्हणायचं होतं ना बाबा सरळ.”

“कशावरून म्हणायचं? तुझं सगळं नियमात होतं.” ते बराच वेळ वजनं नीट लावत राहिले, लावलेलीच पुन्हा लावत राहिले. “मला भीती वाटते, केतू. तू तिकडे कुठल्या तरी खाडीवर एकटी उभी आहेस असं डोळ्यासमोर येतं आणि मला झोप लागत नाही. आता हे कसं तोलायचं? त्याला वजन कुठून आणू?”

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी फक्त त्यांच्या शबनमचा बंद हातात धरून उभी राहिले. मलाही भीती वाटत होती, तेही मी सांगून टाकलं. ते म्हणाले, “ते बरं आहे,” आणि नाक पुसलं.

चौगुले चहा घेऊन आले तेव्हा तराजू पुन्हा उभा होता. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्यांना म्हणाले, “तुम्ही ठेवा.” चौगुल्यांनी कॅमेरा पारड्यात ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात काढला. सातशेचं पारडं खाली गेलं. बाबांनी वजनं बदलून, छोटी छोटी काढून घालून काटा मधोमध आणला.

“सहाशे अठ्ठ्याऐंशी,” ते म्हणाले. “पास. पॅक करा.”

पासपोर्टवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं होतं देव जाणे.

दुकानाच्या पायरीवर बाबा थांबले, परत आत वळले आणि त्या हार घातलेल्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत. फक्त करंगळी मुठीत झाकून घेतली. चौगुले काउंटरमागे पावतीपुस्तक शोधत होते, ते त्यांच्या हातातच होतं.

स्कूटरवर मागे बसल्यावर बाबा माझ्या कानाशी म्हणाले, “पहिल्या गुन्ह्याला दंडावर सोडता येतं. काय दंड?”

“परवा मला स्टँडवर सोडायला यायचं,” मी म्हणाले. “हसत.”

“जबर आहे,” ते म्हणाले.

परवा ते आले. आईही आली. घरातून निघताना आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा भलाथोरला डबा माझ्या बॅगेत कोंबला होता आणि बाबांकडे बघत म्हणाली होती, “याला कुणी काटा लावला तर याद राखा.” मला पट्टे खांद्यात रुतताना कळत होतं की बॅग आता काही सात किलोची राहिलेली नाही.

गाडी लागली. बाबांनी खिशातून स्प्रिंगचा छोटा काटा काढला. आई म्हणाली, “अहो!” त्यांनी लक्ष दिलं नाही. बॅग काट्याच्या आकड्याला अडकवली आणि दोन्ही हातांनी वर उचलली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. सुई सात ओलांडून आठाला भिडली होती, मला स्वच्छ दिसत होती. त्यांनाही दिसत होती. त्यांनी चष्मा नाकावर सारला, सुईकडे नीट बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. दंड भरायचा म्हणून ते हसायचा प्रयत्न करत होते, आणि डोळे काही ऐकत नव्हते.

“सात,” ते म्हणाले. “बरोब्बर सात.”

नवा कॅमेरा माझ्या गळ्यात होता, बॅटरी भरलेली होती, उजेडही चांगला होता. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी शेकड्यांनी व्हिडिओ केले, त्यांतले काही लोकांनी पाहिले, बँकेत तर मी कधी हजर झालेच नाही. पण त्या सकाळी स्टँडवर मी कॅमेरा चालू केला नाही. बॅग पाठीवर घेतली, ती चांगलीच जड होती, आणि गाडीत चढले.